तंजावूरची बाहुली आणि विमानाचे शेपूट



तंजावूर हे नाव उच्चारले की मराठी मनापुढे प्रथम भोसल्यांचे राज्य उभे राहते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख, सरस्वती महालातील मोडी कागदांची दप्तरे, कावेरीच्या काठी दोन शतके टिकून राहिलेली मराठी भाषा, हे सारे अभिमानाने आणि वारंवार सांगितले गेले आहे. आजचा विषय मात्र तंजावूरच्या बाजारात मिळणाऱ्या एका बाहुलीपासून सुरू होतो, आणि तो आहे लहान मुले हाताने बनवितात त्या विमानांच्या शेपटाचा.

ही बाहुली मातीची आणि कागदाच्या लगद्याची असते. बैठक जड आणि गोलसर, वरचा भाग पोकळ आणि हलका. राजा-राणीच्या रूपात, भडक रंगांत रंगविलेली ही जोडी बोटाने लवंडली की डोलत डोलत पुन्हा उभी राहते. तमिळमध्ये तिला ‘तलैयाट्टि बोम्मै’ म्हणतात. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिच्या उभे राहण्यात जादू नाही. बाहुली कलली की तिची गोल बैठक जमिनीला टेकण्याचे ठिकाण कलण्याच्या बाजूला सरकते. तिचा गुरुत्वमध्य मात्र जड बैठकीमुळे अगदी खाली असल्याने त्या मानाने मागेच राहतो. मग वजन एका बाजूला खाली ओढते, जमीन दुसऱ्या बाजूने वर रेटते, आणि या दोहोंच्या ओढाताणीत बाहुली सरळ होते. बिघडलेली स्थिती स्वतःच पूर्ववत करण्याच्या या गुणाला विज्ञानात स्थैर्य म्हणतात.

हा गुण विमानालाही हवा असतो. वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले तर ते आपसूक खाली यावे, खाली गेले तर वर यावे. हाताने फेकलेल्या प्रतिकृतीत वैमानिक बसलेला नसतो, म्हणून तिच्यात हा गुण बनवितानाच घालावा लागतो. आणि येथेच बहुतेक मुले, आणि त्यांना मदत करणारे मोठेही, बाहुलीचे तर्कशास्त्र विमानाला लावतात. विमान डगमगते, तेव्हा त्याच्या पोटाखाली वजन बांधावे, म्हणजे ते बाहुलीसारखे सावरेल, असे त्यांना वाटते. विमान तरीही कोसळते, आणि आता ते अधिक जड झालेले असल्याने अधिक जोराने कोसळते.

बाहुलीला जमीन असते. हवेतल्या विमानाच्या खाली टेकायला काही नसते. त्याचे वजन गुरुत्वमध्यातूनच खाली ओढते, आणि ज्या बिंदूभोवती वस्तू फिरते त्याच बिंदूतून जाणारे बल तिला वळवू शकत नाही. वजन कितीही खाली नेले तरी वर गेलेले नाक त्याने खाली येत नाही. नाक सावरायचे तर वजन पुढे न्यावे लागते, आणि मागे एक शेपूट ठेवावे लागते.

नाक वर झाले की पंखाचा हवेशी होणारा कोन वाढतो आणि पंखाचे उत्थापक बल वाढते. ही वाढ पंखाच्या रुंदीच्या साधारण पहिल्या चतुर्थांशाजवळ लागू होते. गुरुत्वमध्य त्याच्या मागे असेल तर वाढलेला जोर नाकाला आणखी वर ढकलतो, मग कोन आणखी वाढतो, आणि विमान पाठीवर पडायला निघते. एकटा पंख असा आत्मघातकी असतो. धडाच्या टोकाशी असलेले आडवे शेपूटही नाकाबरोबर कलते. त्याचाही हवेशी होणारा कोन वाढतो आणि त्यावर वरच्या दिशेने जास्तीचा जोर येतो. तो जोर लहान असतो, पण लांबच्या टोकावर असतो. बिजागरीजवळ दार ढकलणे आणि कडीजवळ ढकलणे यांत जो फरक, तोच येथे उपयोगी पडतो. शेपूट वर उचलले जाते, नाक खाली येते. पंख आणि शेपूट यांच्या जोराची वाढ एकत्रितपणे जेथे लागू होते त्या ठिकाणाला तटस्थ बिंदू म्हणतात. गुरुत्वमध्य या बिंदूच्या पुढे असला की विमान सावरते, मागे गेला की सावरत नाही. प्रतिकृतींच्या रचनेतील पुढचे सगळे बारकावे या एका नियमाच्या पोटात येतात.

हा नियम माणसाला सापडला तो लहान प्रतिकृतींमधूनच. सरफोजीराजे दुसरे १७९८ साली तंजावूरच्या गादीवर आले. त्याच काळात इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात जॉर्ज केली नावाचा जमीनदार उडण्याचे गणित मांडत होता. या दोघांचा परस्परांशी काही संबंध नाही, पण वृत्ती एका जातीची आहे. सरफोजीराजांनी युरोपातील ग्रंथ हजारांनी मागविले, त्यांतील अनेकांवर त्यांची स्वाक्षरी आजही सरस्वती महालात पाहता येते; आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात त्यांनी चक्क जगाचा भूगोल गाऊन शिकविला. केलीने १८०४ साली सुमारे ५ फूट लांबीचे एक खेळणे बनविले. एका काठीवर पंख म्हणून नेहमीचा पतंग बसविला, मागच्या टोकाला आडवी-उभी अशी फुलीच्या आकाराची शेपटी लावली, ती हवी तशी वळविता येईल असा सांधा दिला, आणि पुढे-मागे सरकविता येणारे एक वजन ठेवले. आजच्या विमानाची बांधणी या काठीत ओळखू येते: पुढे पंख, मागे शेपूट, आणि वजनाची जागा ठरविण्याची सोय.

केलीने आकार दिला, पण शेपटाच्या कोनाचे मर्म उलगडले ते फ्रान्समधील अल्फोन्स पेनो या २१ वर्षांच्या तरुणाने. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्युलरी उद्यानात त्याने पिळलेल्या रबरावर चालणारे एक छोटे विमान सोडले. ते ११ सेकंद उडाले आणि सुमारे ४० मीटर गेले. त्याचे शेपूट पंखापेक्षा कमी कोनात बसविलेले होते, आणि पंखांची टोके किंचित वर वळविलेली होती. कमी कोनाचे हे शेपूट ठरावीक वेगाला विमानाचा तोल राखते. वेग वाढला तर नाक वर आणून तो कमी करते, वेग घटला तर नाक खाली सोडून तो भरून काढते. वर वळलेली टोके विमानाला बाजूला कलंडू देत नाहीत.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे माणूस घेऊन झालेले पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. बत्तीस वर्षे आधीचे पेनोचे खेळणे जवळजवळ तेवढाच वेळ, आणि थोडे अधिकच अंतर, कोणाच्याही हाताविना सरळ गेले होते. राइट बंधूंनी आडवे नियंत्रक पृष्ठ नाकापुढे ठेवले होते आणि त्यांचे विमान अस्थिर होते; वैमानिकाने क्षणभर लक्ष काढले तरी ते भरकटे. त्यांच्या कर्तृत्वाला यामुळे काही उणेपण येत नाही. बालपणी, १८७८ साली, वडिलांनी त्यांना जे रबरावर उडणारे खेळणे आणून दिले होते, तेही पेनोच्याच रचनेचे होते. घरात आलेल्या खेळण्याची किंमत पालकांना तेव्हा कळतेच असे नाही.

आता हिशेबाकडे वळू. शेपूट केवढे असावे, हा प्रश्न प्रत्येक मूल विचारते, आणि त्याचे उत्तर सहावी-सातवीच्या गणितात बसते. समजा, पंखाची लांबी ६० सेंटिमीटर आणि रुंदी १० सेंटिमीटर आहे. क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर झाले. आडव्या शेपटाचे क्षेत्रफळ १२० चौरस सेंटिमीटर ठेवले आणि ते पंखापासून ३० सेंटिमीटर मागे बसविले, तर शेपटाचे क्षेत्रफळ गुणिले अंतर, भागिले पंखाचे क्षेत्रफळ गुणिले पंखाची रुंदी, असा भागाकार करावयाचा. १२० गुणिले ३० म्हणजे ३६००, ६०० गुणिले १० म्हणजे ६०००, उत्तर ०.६. हाताने फेकण्याच्या विमानासाठी हा आकडा साधारण ०.४ ते ०.६ असला की काम भागते. धड आखूड करून अंतर १५ सेंटिमीटरवर आणले, तर तोच आकडा राखण्यासाठी शेपूट दुप्पट मोठे करावे लागेल. उभ्या शेपटाचा हिशेबही असाच. फक्त तेथे पंखाच्या रुंदीऐवजी लांबी घ्यावयाची. या विमानाला ४० चौरस सेंटिमीटरचे उभे शेपूट दिले तर उत्तर सुमारे ०.०३३ येते आणि ते पुरेसे आहे.

मग धड खूप लांब आणि शेपूट अगदी लहान का करू नये? वजनामुळे. पंखाच्या पुढे नाक १५ सेंटिमीटर असेल आणि मागे शेपूट ३० सेंटिमीटर, तर शेपटात वाढलेला प्रत्येक ग्रॅम तोलण्यासाठी नाकात २ ग्रॅम चिकणमाती भरावी लागते. सुबक दिसावे म्हणून शेपटावर रंगाचे दोन हात देणारी मुले पुढे नाकात मातीचा गोळा का वाढवावा लागतो, याने चकित होतात. शेपूट रंगवू नये. फार हौस असेल तर पेन्सिलीने नक्षी काढावी.

आकाराचा प्रश्न याहून मजेदार आहे, कारण त्याबद्दल सर्वाधिक वाद होतात आणि सर्वात कमी मोजमापे घेतली जातात. तेच १२० चौरस सेंटिमीटर १२ बाय १० असे आखूड-रुंद करता येतात, किंवा २४ बाय ५ असे लांब-चिंचोळे. चिंचोळे शेपूट कोनाच्या प्रत्येक अंशाला अधिक जोर देते, म्हणजे तेवढ्याच कागदात अधिक काम करते. पण मोठा कोन झाला की हवेची पकड त्यावरून लवकर सुटते. रुंद शेपूट आळशी असले तरी मोठ्या कोनातही चिकटून राहते. नवशिक्याच्या विमानाला या दोहोंच्या मधला, लांबी रुंदीच्या तिप्पट-चौपट असलेला साधा आयत सर्वांत सोयीचा. टोके गोल करावीत की चौकोनी ठेवावीत, याने एवढ्या लहान आकारात डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाही. शेपटाला पंखासारखा फुगीर छेद देण्याचीही गरज नसते. या मापाला आणि या वेगाला दीड मिलिमीटरची सपाट बाल्साची फळी उत्तम चालते. फरक पडतो तो वाकडेपणाने. दमट हवेत बाल्सा पिळतो, आणि शेपटातील दोन अंशांचा पीळ आकाराविषयीच्या सगळ्या चर्चेवर पाणी फिरवितो. उडविण्याआधी विमान डोळ्यांसमोर धरून मागून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

मोठ्या विमानांच्या नकला करताना इंग्रजी ‘टी’ आकाराचे किंवा ‘व्ही’ आकाराचे शेपूट मुलांना मोहात पाडते. पहिल्यात आडवे शेपूट उभ्याच्या डोक्यावर बसते, पंखामागच्या घुसळलेल्या हवेपासून दूर राहते आणि उतरताना गवतात अडकत नाही. पण उभ्या शेपटाला ते ओझे पेलण्याइतके मजबूत, म्हणजे जड, करावे लागते. दुसऱ्यात दोनच तिरपी पाती आडव्या आणि उभ्या शेपटाचे काम वाटून घेतात. दोन्ही रचना चालतात. पहिल्या विमानासाठी मात्र साधे शेपूटच बरे.

शेपटांच्या आकारांचे प्रदर्शन पाहायचे असेल तर तंजावूरच्या आकाशाकडे पाहावे. भातखाचरांवर घिरट्या घालणाऱ्या साध्या घारीचे शेपूट टोकाशी दुभंगलेले असते, तर ब्राह्मणी घारीचे, जिला तेथे गरुड मानून हात जोडतात, गोलाकार असते. दोघींनाही उभे शेपूट नाही. घार वळताना शेपूट बाजूला पिळते आणि तेच आडवे पाते सुकाणूचे काम करते. पक्ष्याला स्थैर्य उपजत मिळालेले नसते. मेंदू आणि स्नायू क्षणोक्षणी ते निर्माण करतात. मुलांच्या विमानाला मेंदू नाही, म्हणून घारीचे शेपूट जसेच्या तसे कापून लावले की विमान नाक इकडेतिकडे फिरवीत जाते. हा प्रयोग शाळेत अवश्य करण्यासारखा आहे.

याच आकाशात आणखी एक पक्षी आहे. जानेवारी २०२० मध्ये तंजावूरच्या हवाई तळावर भारतीय हवाई दलाची सुखोई-३० विमानांची २२२ क्रमांकाची तुकडी दाखल झाली. या विमानाला दोन उभी शेपटे आहेत, मागे पूर्णपणे फिरणारे आडवे शेपूट आहे, आणि पंखांच्या पुढेही दोन लहान पाती आहेत. चपळाईने वळता यावे म्हणून ते हेतुपुरस्सर अस्थिर बनविलेले आहे. त्याचे संगणक घारीच्या मेंदूप्रमाणे ते सतत सावरत असतात. स्थैर्य जितके अधिक, तितके वळणे अवघड, हा व्यवहार पक्ष्यालाही चुकत नाही आणि लढाऊ विमानालाही.

तंजावूरमध्ये ‘विमान’ हा शब्द मात्र याहून फार जुना आहे. राजराज चोळाने बांधविलेल्या बृहदीश्वराच्या गर्भगृहावर जो सुमारे ६० मीटर उंचीचा शिखरभाग आहे, त्याला विमान म्हणतात. तेथे गेलेल्या मराठी मुलाला वाटाड्याने ‘हे विमान’ असे सांगितले की ते हमखास आकाशाकडे पाहते. शब्द जुना असणे आणि यंत्र जुने असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक मराठी घरांत सांगण्याची गरज आहे, कारण शिवकर बापूजी तळपदे यांची कथा आपल्याकडेच सर्वाधिक सांगितली जाते.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेशी संबंधित असलेल्या तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडविले, असे अनेक लेखांत, भाषणांत आणि अलीकडे चित्रपटातही आले आहे. त्या उड्डाणाचा समकालीन आणि तपासता येण्याजोगा पुरावा पुढे आलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा आधार या कथेच्या जोडीने दिला जातो, त्याचा अभ्यास बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी करून १९७४ साली प्रसिद्ध केला. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे, त्यातील आकृत्या १९२३ साली एका आराखडाकाराकडून काढून घेतल्या होत्या, आणि त्यांतले कोणतेही यान उडण्याजोगे नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. संस्कृतविषयी आकस म्हणून त्यांनी हे लिहिले नाही; त्यांनी भाषा तपासली, मग वजन, आकार आणि बले तपासली.

तळपद्यांची उडण्याची तळमळ खरी असेल, आणि तिचा आदर करण्यात कमीपणा नाही. पण मुलाने घरी येऊन ‘आपल्याकडे आधीच विमाने होती ना?’ असे विचारले, तर त्याला गप्प करण्यापेक्षा किंवा नुसती मान डोलावण्यापेक्षा एक प्रश्न परत विचारावा: त्या विमानाचा गुरुत्वमध्य कोठे होता, आणि शेपूट केवढे होते? हा प्रश्न केलीला विचारता येतो, पेनोला विचारता येतो, राइट बंधूंना विचारता येतो, आणि प्रत्येक वेळी आकड्यांत उत्तर मिळते. एनसीसीच्या हवाई विभागात ज्या माजी विद्यार्थ्यांनी प्रतिकृती बनविल्या असतील, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता घरी करण्याचा प्रयोग. वर सांगितलेल्या मापाचे विमान जाड कागद, थर्मोकोल किंवा बाल्सा यांपैकी कशाचेही बनवावे. आडवे शेपूट सपाट बसवावे आणि पंखाची पुढची कड शेपटाच्या मानाने दोन-तीन अंश वर उचललेली असावी. नाकात चिकणमाती भरून विमान पंखांखाली दोन बोटांवर तोलावे. तोल पुढच्या कडेपासून ३ ते ३.५ सेंटिमीटरवर आला की ते गवताळ मैदानावर, वारा पडलेला असताना, खांद्याच्या उंचीवरून समोर आणि किंचित खाली रोखून सोडावे, जोराने फेकू नये. नाक वर करून थांबत, पुन्हा कोसळत, लाटेसारखे जात असेल तर नाकात थोडी माती वाढवावी. सरळ खाली सूर मारत असेल तर थोडी काढावी. अंतर पावलांनी मोजून वहीत लिहावे.

चांगले उडू लागले की मग माती अर्धा-अर्धा ग्रॅम कमी करीत जावी आणि प्रत्येक वेळी तोलाचे ठिकाण पंखावर पेन्सिलीने नोंदवावे. तोल मागे सरकेल तसे, नाक वर जाऊ नये म्हणून, शेपटाची मागची कड केसभर खाली वाकवावी लागेल. काही खुणांपर्यंत विमान झोतातून सावरत राहील. नंतर ते हळूहळू सावरेल, आणि एका खुणेनंतर एकदा नाक फिरले की फिरतच जाईल. तेथे पंखावर जी पेन्सिलीची रेघ असेल, त्याच्या अगदी जवळ त्या विमानाचा तटस्थ बिंदू आहे. त्याच विमानाला शेपूट अर्धे कापून पुन्हा हाच प्रयोग केला, तर ती रेघ किती पुढे सरकते, हे मुलांनी आधी अंदाजाने लिहावे आणि मग मोजावे.